भेटीनंतरचा फोन

जुलै 2022 मधल्या एका रविवारी मी नागपुरात सीताबर्डीवरच्या एका सभागृहात साडेतीन तासांचं प्रशिक्षण घेतलं आणि त्याच महिन्यात नववीतल्या एका मुलीची 'सोबती' झाले. महापालिकेच्या शाळेत शिकणाऱ्या नववी-दहावीच्या मुलामुलींना एकेक मोठं माणूस जोडून द्यायचं, असा तो उपक्रम. महिन्यातून दोनदा भेट, प्रत्येक भेट दोन तासांची, निदान वर्षभर. शिकवणी घ्यायची नाही, पैशाची मदत करायची नाही. ठरल्या वेळी यायचं आणि ऐकायचं. कागदपत्रांत मेंटॉर लिहितात, आम्ही आपसांत सोबती म्हणतो, आणि मुलं ताई-दादाच म्हणतात. मी बँकेत नोकरी करते. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, म्हणून हे आपल्याला जमेल असं वाटलं होतं.

त्या साडेतीन तासांत संस्थेची माहिती झाली, आधीच्या वर्षाचे फोटो झाले, एका पाहुण्यांचं भाषण झालं, फॉर्म भरून झाले. माझ्या वहीत तेव्हाच्या दोनच ओळी आहेत : 'मुलांचा विश्वास जिंका' आणि 'सकारात्मक राहा'. विश्वास जिंकायचा म्हणजे शनिवारी अकरा वाजता शाळेच्या व्हरांड्यात बसल्यावर नेमकं काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही. दोष मी कोणाला देत नाही. दोन पगारी माणसं आणि वीस जोड्या, एवढ्यावर ते चाललं होतं, आणि सगळ्यांचा जीव त्यात होता.

पहिल्या दोन भेटी अशा गेल्या : मी प्रश्न विचारायचा, तिने बाकावरचा सुटलेला रंग नखाने खरवडत 'हाव' (म्हणजे हो), 'नाही' किंवा 'माहीत नाही' म्हणायचं. ती गप्प झाली की मला धास्ती वाटायची आणि ती जागा मी माझ्या बोलण्याने भरून काढायची. बँकेच्या परीक्षा, माझे कॉलेजचे दिवस, अभ्यासाचं वेळापत्रक. तिसऱ्या भेटीला ती आलीच नाही. फाटकाशी चाळीस मिनिटं उभी राहून मी घरी परत गेले. ती का आली नाही हे मला कोणी कळवलं नाही, आणि मी परत गेले हे कोणाला कळलं नाही. चौथ्या भेटीला ती काहीच न झाल्यासारखी आली. घरी पाव्हणे आले होते, म्हणाली.

दिवाळीआधी मी सोडायचं ठरवलं. मेसेज लिहूनही ठेवला होता. तेवढ्यात समन्वयक म्हणून नव्याने आलेल्या बाईंचा फोन आला. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. संस्थेत लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणतात. 'कसं काय चाललंय?' असं त्यांनी विचारलं असतं तर मी 'छान' म्हणून मोकळी झाले असते. त्यांनी विचारलं, "मागच्या शनिवारी तुम्ही दोघी कुठे बसल्या होत्या? आधी कोण बोललं? मग तुम्ही काय म्हणाल्या? मग?" पंचवीस मिनिटं त्या असंच विचारत राहिल्या. मी शेवटी म्हटलं, "बाई, ती माझ्याशी बोलतच नाही, माझा काय उपयोग?" त्या म्हणाल्या, "पण येते ना? दोन तास बसते ना? त्या पोरीला घरी कोणी दोन तास बसू देत असेल का?"

मग त्यांनी एकच गोष्ट करायला सांगितली. समोरासमोर बसायचं नाही, बाजूला बसायचं, आणि दोघींच्या हाताला काहीतरी काम द्यायचं.

पुढच्या शनिवारी मी जिलेटीन पेपर, काड्या आणि खळ घेऊन गेले. आकाशकंदील करायला बसलो. काड्यांचा सांगाडा तिला माझ्यापेक्षा चांगला जमत होता. माझी गाठ सैल पडली की ती न बोलता माझ्या हातातून घ्यायची आणि पुन्हा बांधून द्यायची. अर्ध्या तासाने, कागद कापता कापता, मान वर न करता ती म्हणाली, "ताई, मागच्या टायमाले पाव्हणे नव्हते आले. मायची तब्येत बरी नव्हती, मले तिच्या कामावर जा लागलं." चार घरची भांडी करून ती आली होती आणि तोवर अकरा वाजून गेले होते. मी फाटकाशी उभी होते हे तिने लांबून पाहिलं होतं. हात खरकटे होते म्हणून ती पुढे आली नाही.

मी तो लिहून ठेवलेला मेसेज त्या रात्री पुसला.

डिसेंबर 2022 मध्ये कामठी रोडवरून मेट्रो सुरू झाली. जानेवारीत, तिच्या आईची लेखी संमती घेऊन, आम्ही इंदोरा चौकातून सीताबर्डीपर्यंत मेट्रोने गेलो. तिची शाळा, तिचं घर, आईची कामाची घरं, सगळं त्या रस्त्याच्या आसपासचं. वरून ते बघताना ती खिडकीला नाक लावून एकेक छत ओळखून दाखवत होती. त्या दिवशी माझ्या वाट्याला प्रश्न विचारायचं काम आलंच नाही.

आणि मग माझ्या हातून ती चूक झाली, जिच्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं. गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी, मार्च 2023 मध्ये, ती म्हणाली, "ताई, एक सांगू? पण कोणालेच सांगू नका." मी लगेच म्हटलं, "नाही सांगणार, माझ्यावर विश्वास ठेव." विश्वास जिंका, असं वहीत लिहिलेलं होतं ना! तिने सांगितलं की मामाने मुलगा पाहिलाय आणि अक्षय्य तृतीयेला गावाकडे लग्न लावून देणार आहेत. ती पंधरा वर्षांची होती.

चार दिवस मी कोणाला बोलले नाही. बँकेत बसून आकडे चुकत होते. शब्द दिला होता, आणि तो शब्द मोडला तर ती पुन्हा कधी कोणावर भरवसा ठेवणार नाही, एवढंच डोक्यात. पाचव्या दिवशी बाईंचा नेहमीचा फोन आला, "कुठे बसल्या होत्या?" आणि मला रडूच फुटलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता हे तुमच्या एकटीचं नाही. माझ्याकडे आलं."

पुढचं सगळं त्यांनी मार्गी लावलं. 1098 या बालकांच्या मदतवाहिनीला कळवलं, शाळेतल्या वर्गशिक्षिकांना सोबत घेतलं, बाल संरक्षणाचं काम पाहणाऱ्या माणसांसोबत घरी गेल्या. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावून देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मामाला त्याच्याच घरच्यांसमोर समजावलं. तिची आई नंतर बाईंना म्हणाली, "मले बी नव्हतं करायचं. भावासमोर बोलता नव्हतं येत." अक्षय्य तृतीया आली आणि गेली. लग्न झालं नाही.

ती मात्र महिनाभर मला भेटली नाही. भेटली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "तुम्ही तर सांगणार नव्हत्या." तिला मी सांगितलं की कोणाला न सांगण्याचा शब्द द्यायलाच नको होता, ती माझी चूक, त्याची मी माफी मागते. पण सांगितलं त्याची माफी मागत नाही. ती उठून गेली नाही. बसून राहिली. त्या दिवशी आम्ही फारसं बोललो नाही आणि मला ते भरून काढावंसं वाटलं नाही.

जूनमध्ये बाई म्हणाल्या, "तुम्हाला जे कोणी शिकवलं नाही ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. या, शिकवा." 2023 च्या पावसाळ्यापासून मी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात आहे आणि सोबत्यांना भेटीनंतरचे फोन करते.

प्रशिक्षण आता तीन रविवारांचं झालंय. पहिल्या रविवारी भाषण नसतं. दोघादोघांच्या जोड्या करतो. एकाने मूल व्हायचं, आणि त्याने दहा मिनिटं तीनच उत्तरं द्यायची : हाव, नाही, माहीत नाही. दुसऱ्याने सोबती व्हायचं. मिहानमधल्या एका कंपनीत काम करणारा एक दादा पहिल्या वर्षी होता. मनाचा फार चांगला. दुसऱ्या मिनिटाला त्याने विचारलं, "तुझं ध्येय काय?" "माहीत नाही." चौथ्या मिनिटाला तो रोज सकाळी उठून वाचन करण्याचे फायदे सांगत होता. दहा मिनिटं झाल्यावर आम्ही 'मुलाला' विचारलं, काय वाटलं? तो कॉलेजचा मुलगा होता, स्वतः वस्तीतून आलेला. म्हणाला, "दादा बोलत होते तेव्हा मला वाटून राहिलं होतं की माझं काहीतरी चुकलंच आहे, म्हणून हे सांगून राहिले." दादा बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या फेरीला आम्ही दोघांमध्ये एका परातीत भुईमुगाच्या शेंगा ठेवतो आणि सांगतो, बाजूला बसा, सोला. फेरीचा नियम तोच, उत्तरं तीच तीन. पण खोलीतला आवाज बदलतो. गप्प राहणं तितकं जड जात नाही, कारण हात चालू असतात. त्या दादाने दुसऱ्या फेरीत एकच वाक्य म्हटलं : "ही शेंग पोकळ निघाली." आणि समोरचा हसला.

दुसऱ्या रविवारी गुपिताचं. हे मी स्वतः घेते आणि माझी गोष्ट जशी घडली तशी सांगते. प्रत्येकाकडून एक वाक्य मोठ्याने म्हणवून घेते, तोंडात बसेपर्यंत : "तू सांग, मी नीट ऐकेन. पण तुला कोणापासून धोका आहे असं मला वाटलं, तर मी ते बाईंना सांगेन, आणि त्याआधी तुला तसं सांगेन." मूल गुपित सांगायच्या आधी हे म्हणायचं असतं, नंतर नाही. म्हणून पहिल्याच भेटीत, सहज, नियम सांगताना म्हणून टाकायचं. पोक्सो कायद्याचं कलम 19 इथेच समजावतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि कळवलं नाही तर कलम 21 खाली शिक्षा आहे. खोलीत एकदम शांतता पसरते. काही जण त्या रविवारनंतर येत नाहीत. मला वाटतं ते जोडी लागल्यानंतर सुटण्यापेक्षा तेव्हा सुटलेलं बरं.

तिसऱ्या रविवारी बाकीचे नियम : मुलाला गाडीवर डबल सीट न्यायचं नाही, भेट शाळेत किंवा सार्वजनिक जागीच, घरी न्यायचं नाही, फोटो टाकायचे नाहीत, उधार-उसनं नाही. कारणं सांगितली की लोक ऐकतात.

पण तीन रविवार पुरत नाहीत, हे मला स्वतःवरून कळलं होतं. समाजकार्य महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिका आमच्याशी बोलायला आल्या तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या अभ्यासांचं सांगितलं. तिथे हे काम फार जुनं, न्यूयॉर्कमध्ये 1904 पासूनचं. 2002 मध्ये तिथल्या जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स या संशोधकांनी पाहिलं, की ज्या मुलांचं नातं वर्षभर किंवा अधिक टिकलं त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला, आणि ज्यांचं तीन महिन्यांच्या आत तुटलं त्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास उलट खाली गेला. म्हणजे आपण गेलोच नसतो तर बरं झालं असतं, असं होऊ शकतं. त्याच वर्षी डेव्हिड ड्यूबॉइस आणि सहकाऱ्यांनी अशा उपक्रमांची 55 मूल्यमापनं एकत्र तपासली. जिथे जोडी लागल्यानंतरही स्वयंसेवकांना प्रशिक्षण आणि आधार मिळत राहिला, तिथे परिणाम जास्त दिसला. मी ते ऐकत होते आणि मला ऑक्टोबरमधला माझा न पाठवलेला मेसेज आठवत होता. माझ्या जोडीतल्या मुलीचा आणि माझा तेव्हा तिसरा महिना चालू होता.

म्हणून फोन. पहिल्या चार भेटींनंतर प्रत्येक सोबत्याला दोन दिवसांच्या आत, पुढे महिन्यातून एकदा. माझ्याकडे आठ जण आहेत. मी बाईंसारखंच विचारते : कुठे बसलात, काय केलंत, मग काय झालं, कुठे अडलं. सल्ला शेवटी, आणि एकच. लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी 'त्या चित्रकलेच्या वहीचं काय झालं?' असं विचारता येतं.

एक फोन मी विसरणार नाही. अंबाझरी ले-आउटमध्ये राहणाऱ्या एक काकू, पन्नाशीच्या. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांच्या जोडीतल्या मुलाने मोबाईल दुरुस्तीला पाचशे रुपये मागितले आणि त्यांना नाही म्हणवेना. पुढच्या दोन भेटींना तो आला नाही. काकू म्हणाल्या, "मी काय पैशासाठी बसलेय का? त्याला सांगा, नको परत करू." मी म्हटलं, काकू, तो पैशाला नाही घाबरत, तुमच्यासमोर यायला घाबरतोय. आता तुमच्याकडे पाहिलं की त्याला काकू दिसत नाही, सावकार दिसतो. बाईंनी शाळेत त्याला गाठून सांगितलं की पैशाचा विषय संस्थेकडे आला, तुझ्या आणि काकूंच्या मधे तो आता नाही. तरी तो येईना.

मग 23 सप्टेंबरची पहाट उजाडली. रात्रभर पाऊस कोसळला होता, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत, ले-आउटमध्ये पाणी शिरलं. तो चौथा शनिवार होता, भेटीचा दिवस. भेटी सगळ्या रद्द केल्या आणि आम्ही मुलांची खबर घेत बसलो. दुपारी काकूंचा फोन आला. त्यांच्या तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. पण सांगायचं होतं ते वेगळंच : "त्याचा फोन आला होता. आईच्या मोबाईलवरून. 'काकू, तुमच्या घरी पाणी घुसलं का?' म्हणाला." रविवारी तो वडिलांना घेऊन आला. दोघांनी मिळून काकूंच्या घरातला चिखल काढला. घरी भेट नको हा आमचा नियम, पण वडील सोबत होते, बाईंना विचारलेलं होतं. मधेच काकूंनी हळूच मला फोन लावला, "यांना मजुरी द्यावी का गं? दोघं सकाळपासून राबतायत." मला उत्तर द्यायला क्षणभर लागला. म्हटलं, "काकू, त्यांना जेवू घाला. पोटभर. मजुरी नका देऊ." त्यांनी गॅसवर वरण-भात टाकला आणि पलंगावर बसून तिघं जेवले, कारण खाली जमीन ओलीच होती. ती जोडी पुढे दोन वर्षं टिकली.

आमच्या जोड्या तुटायचा खरा काळ उन्हाळा आहे. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात. एप्रिलपासून पारा चढतो, 45 च्या आसपास जातो, दुपारी बाहेर पडणं शक्य नसतं. मुलं मामाच्या गावाला जातात, मोठी मुलं लग्नसराईत केटरिंगच्या कामाला लागतात. पहिल्या वर्षी उन्हाळ्यानंतर आमच्या वीस जोड्यांपैकी सात पुन्हा जुळल्याच नाहीत, आणि कोणी कोणाला निरोप दिला नव्हता. आता मार्चमध्येच सोबती आणि मूल मिळून उन्हाळ्याचा कागद भरतात : फोन कोणाच्या मोबाईलवर, कोणत्या वारी, किती वाजता. 'वेळ मिळेल तेव्हा' असं लिहिलं तर बाई कागद परत करतात. शहरात राहणाऱ्या मुलांसाठी मे महिन्यात एक भेट सकाळी साडेसहाला महाराजबागेत असते. ऊन तापायच्या आत सगळे घरी.

निरोपाचंही तसंच. शेवटच्या तीन भेटी आधी सांगून होतात. माझ्या जोडीतली मुलगी मे 2024 मध्ये दहावी पास झाली. शेवटच्या भेटीला ती आकाशकंदिलाचा तो जुना सांगाडा घेऊन आली होती, कागद फाटलेला, गाठी शाबूत. "ताई, आता फोन केला तं चालते का?" मी म्हटलं, चालतो, पण आता मी तुझी सोबती म्हणून घड्याळ लावून येणार नाही, आणि हे तुला आज सांगतेय. तिने मान हलवली. ती आता कॉमर्सला आहे. सणावाराला फोन येतो.

काल दुसरा शनिवार होता. रात्री सात जणांशी बोलून झालं. आठवी सोबती नवीन आहे, तिची तिसरीच भेट होती आणि मूल आलं नव्हतं, हे शाळेतून कळलं. तिला दोनदा फोन लावला, तिने उचलला नाही. बहुधा तीही कुठल्याशा फाटकाशी चाळीस मिनिटं उभी राहून परत गेली असेल. आज संध्याकाळी पुन्हा लावते, आणि नाही लागला तर उद्या बँकेतून सुटल्यावर तिच्या ऑफिसपाशी जाऊन येते.